मणक्याचा संसर्ग उलटतो तेव्हा केसपेपरवर न लिहिलेली कारणे

केळापूरकर

यवतमाळ जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून २७ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत क्षयाच्या गोळ्या किती जणांच्या हातावर ठेवल्या याची गणती नाही, पण मणक्याच्या क्षयाचा रुग्ण घरातच निघाला तेव्हा कळले की औषधखिडकीच्या आतून आपल्याला फार थोडे दिसत असते.

चुलत वहिनींची हकिकत आधी सांगतो, कारण हा धागा तिच्यामुळेच काढला आहे. वय पंचेचाळिशीचे, साडेतीन एकर कोरडवाहू वावर, घरात नवरा, सासू आणि शिकणारी दोन मुले. पाठ दुखू लागली ती ऐन निंदणाच्या दिवसांत, आणि निंदणाच्या दिवसांत पाठ कोणाची दुखत नाही, असे सगळेच म्हणाले. गावातल्या एका बाईकडून चोळून घेतले, मग तालुक्याच्या एका दवाखान्यात दर आठवड्याला इंजेक्शन सुरू झाले. इंजेक्शन घेतले की दोन-तीन दिवस फार बरे वाटायचे. अशा रीतीने सात महिने गेले. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि हातात सैल झालेल्या बांगड्या यांची बेरीज कोणी केली नाही, आणि त्या न करणाऱ्यांत मीही आहे. पाय जड पडू लागले तेव्हा कुठे नागपूरला एमआरआय झाला आणि पाठ व कंबर जिथे मिळतात तिथले दोन लागोपाठचे मणके क्षयाने पोखरलेले दिसले.

गोळ्या आषाढात सुरू झाल्या. दिवाळीपर्यंत दुखणे जवळजवळ गेले, पायांत बळ आले, आणि तेवढ्यात कापूस फुटला. वहिनी वेचणीला गेल्या. पाठीचा पट्टा बांधून वाकता येत नाही, म्हणून पट्टा खुंटीला अडकला, पण गोळ्या चालू होत्या. त्या थांबल्या पौषात, बरोबर सहा महिन्यांनी. सहाच महिन्यांनी का, हे समजायला मला फार वेळ लागला. त्याच आळीतल्या एका मुलाचा फुफ्फुसाचा क्षय सहा महिन्यांत बरा झाला होता आणि त्याच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, हे आम्हीच वर्षानुवर्षे गावोगाव सांगत आलो. मणक्याला तो हिशेब लागू नाही, हे सांगितले गेले ते नागपूरच्या गर्दीत एकदा, आणि लिहिले गेले ते कार्डावर इंग्रजीत. वहिनींचा प्रश्न साधा होता : "आता तं दुखतबी नाई, त्या पोराच्या गोया बंद झाल्या, मंग म्या कायले खाऊ?"

सव्वा वर्षाने उजव्या जांघेत गाठ आली. ती गाठ नव्हती, मणक्यातला पू कमरेच्या आतल्या स्नायूवरून उतरत खाली आला होता. दुसऱ्या वेळच्या केसपेपरवर पूर्वेतिहासाच्या रकान्यात एकच ओळ आहे : 'औषधे मध्येच सोडली.' ही ओळ खोटी नाही. पण आळीतला मुलगा, कापसाचा हंगाम, इंग्रजी कार्ड आणि ते सात महिने यांपैकी एकही गोष्ट त्या ओळीत मावत नाही, आणि रोग उलटला तो या गोष्टींमुळे, असे माझे मत झाले आहे. आपापल्या भागात काय दिसते ते जाणकारांनी व घरी हे भोगलेल्यांनी लिहावे.

हाडांचा डॉक्टर

काका, मी विदर्भातीलच एका जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थिरोग विभागात काम करतो. चर्चा भरकटू नये म्हणून काही गोष्टी आधीच वेगळ्या करून ठेवतो.

'उलटला' या शब्दात आपण निदान चार निरनिराळे प्रकार कोंबतो. पहिल्यात तोच जंतू शिल्लक राहून पुन्हा डोके वर काढतो. दुसऱ्यात पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाला बाहेरून नव्याने लागण होते. तिसऱ्यात औषध पहिल्यापासूनच लागू नसते, कारण जंतू त्या औषधाला दाद देत नाही किंवा जंतूच वेगळा असतो. चौथ्यात संसर्ग खरोखर संपलेला असतो, पण खचलेल्या मणक्यामुळे पाठीला बाक येऊन दुखत राहते. या चौथ्या रुग्णाला पुन्हा गोळ्या चालू करणे ही चूक आहे आणि पहिल्याला केवळ वेदनाशामक देऊन घरी पाठवणे ही त्याहून मोठी चूक आहे. एमआरआय एकटा हा निवाडा करू शकत नाही, कारण उपचार नीट लागू पडत असतानाही त्यातले चित्र काही महिने वाईटच दिसू शकते. ताप, वजन, पायांतली ताकद, शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्या, आणि शंका असल्यास सुईने काढलेला नमुना हे सगळे एकत्र पाहावे लागते.

दुसरे असे की मणक्याचा संसर्ग म्हणजे केवळ क्षय नव्हे. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे पू करणारे जंतू अंगावरच्या गळवातून, डायलिसिसच्या नळीतून किंवा अस्वच्छ सुईतून रक्तात शिरतात आणि मणक्यात जाऊन बसतात, तर लघवीच्या संसर्गातले जंतू वेगळे असले तरी तेही याच वाटेने पोहोचू शकतात. या संसर्गात प्रतिजैविके साधारण सहा आठवडे द्यावी लागतात, त्यांतली सुरुवातीची बहुधा शिरेतून. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा आठवड्यांचे उपचार बारा आठवड्यांइतकेच परिणामकारक ठरले, त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी सहा आठवडे हेच प्रमाण मानतात. निचरा न झालेला पू, नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस आणि निकामी झालेली मूत्रपिंडे यांपैकी एखादी गोष्ट ज्याच्यात असेल त्याचा रोग उलटण्याचा धोका जास्त असतो. क्षयासाठी आपल्या देशाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मणक्याला १२ महिने सांगितले आहेत आणि गरज पडल्यास ते १८ पर्यंत वाढवता येतात. प्रौढ माणसाच्या मणक्यांमधील चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, पोखरलेल्या हाडाचे तुकडे आणि घट्ट झालेला पू यांच्यातही रक्त पोहोचत नाही, म्हणून औषध तिथे फार सावकाश झिरपते. वेदना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच कमी होते. रुग्णाची फसगत नेमकी इथे होते.

गरिबीचा प्रश्न या वैद्यकाच्या बाहेर नाही, आतच आहे. सहाही आठवडे शिरेतूनच औषध द्यावे लागले तर सहा आठवड्यांची खाट, आणि खाटेशेजारी फरशीवर झोपणाऱ्या नातेवाइकाची तितक्याच दिवसांची बुडालेली रोजी. चौदाव्या-पंधराव्या दिवशी ताप उतरतो आणि 'साहेब, सुट्टी द्या' सुरू होते. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तर वॉर्ड आपोआप रिकामा होतो. आम्ही गोळ्या लिहून देतो आणि दोन आठवड्यांनी यायला सांगतो, येणारा येतो.

एक आशा

डॉक्टर साहेबांनी दवाखान्यातले सांगितले, मी घरातले सांगते. वर्धा जिल्ह्यातील एका गावात मी बारा वर्षांपासून आशा म्हणून काम करते आणि मणक्याच्या क्षयाच्या तीन रुग्णांना मी गोळ्या दिल्या आहेत. त्यांतल्या दोघी बाया होत्या.

क्षयरुग्णाच्या आहारासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेचे पैसे २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ही वाढ चांगलीच आहे, पण पैसे दर महिन्याच्या दर महिन्याला येतात असे कोणी समजू नये. बाईचे खाते बंद पडलेले असते, आधार जोडलेला नसतो, किंवा पैसे जमा होतात त्या दिवशी घरात बियाण्याची उधारी उभी असते. शिधा मिळाला तर तो घरच्या एकाच भांड्यात शिजतो आणि बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. अंडे तिच्यासाठी म्हणून आणलेले असते आणि ते लेकराच्या ताटात जाते. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, मीही माझ्या घरी तेच करते.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या आणि सातच्या ठोक्याला वावरात पोहोचायचे, हे एकत्र जमत नाही. मळमळते, मग बाई त्या दिवशी गोळी ठेवून देते. मी सकाळी गेले तर ती निघून गेलेली असते आणि संध्याकाळी गेले तर चुलीपुढे असते. एका बाईने गोळ्या दुसऱ्या गावच्या उपकेंद्रातून घेतल्या, कारण मुलीचे पाहण्याचे कार्यक्रम चालू होते. मणक्याचा क्षय खोकल्यातून पसरत नाही, फुफ्फुसात रोग नसेल तर तिच्यापासून कोणाला काही होत नाही, हे मी तिच्या सासरी चार वेळा सांगितले. तरीही तिची ताट-वाटी वेगळीच राहिली.

माझ्या तीन रुग्णांपैकी एकीचा रोग उलटला. तिचे वजन उपचार सुरू होताना ३६ किलो होते आणि सहाव्या महिन्यातही ३७ च होते. मी ते वहीत लिहीत होते, पण त्या आकड्याचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता आणि कोणी ती वही मागितलीही नाही.

रोखठोक

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. गोळ्या फुकट, तपासणी फुकट, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया फुकट, एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट; एवढे असूनही औषध सोडले तर ते दैन्य नव्हे, हयगय आहे. माझे मामा अकोला जिल्ह्यातील बागायतदार, घरी चारचाकी, मुलगा शिक्षक. त्यांचा मणक्यातला पू दोनदा उलटला, कारण साखर चारशेच्या घरात आणि संध्याकाळची बैठक सुटत नव्हती. तिथे कोणती सामाजिक-आर्थिक परिस्थिती आडवी आली? प्रत्येक गोष्टीला गरिबीचे निमित्त लावले की माणसाची जबाबदारी संपते आणि सरकारी खात्याचीही. 'परिस्थिती' हा शब्द कामचुकार यंत्रणेला सर्वांत जास्त आवडतो.

केळापूरकर

रोखठोक, शेवटचे वाक्य मला पटले आणि खात्यात राहिलेला माणूस म्हणून थोडे लागलेही. पण बाकीच्यांत एक गफलत आहे. मधुमेह आवाक्याबाहेर असला की श्रीमंताचाही संसर्ग उलटतो, यात वाद नाही. फरक उलटल्यानंतरच्या दिवसांत पडतो. आपल्या मामांना दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा किती दिवसांत एमआरआय झाला, ते सांगाल का? वहिनींना जांघेत गाठ दिसल्यापासून नमुना तपासायला जाईपर्यंत सात आठवडे लागले. गाठीत दुखत नव्हते, आणि जी गाठ दुखत नाही तिच्यासाठी सोयाबीन सोडून कोणी नागपूरला जात नाही.

फुकट या शब्दाचाही हिशेब एकदा मांडला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना क्षयाचा खर्च घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक झाला की त्याला घर मोडणारा खर्च मानते, आणि त्यात बुडालेली मजुरी व प्रवास धरते. माझ्या भावाने निदान होण्याआधीच्या सात महिन्यांत इंजेक्शने, एक्स-रे आणि खासगी एमआरआय यांवर जे घातले ते सगळे योजनेच्या बाहेरचे होते, कारण योजना सुरू होते निदान झाल्यावर. पहिला घाव तिथेच बसला. नंतर गोळ्या फुकट मिळाल्या तेव्हा घरात बैल विकून झाले होते.

आणि फुकट असलेले नेहमी हजर असते असेही नाही. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या गोळ्यांचा पुरवठा आटला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगितले, हे वर्तमानपत्रांत आलेच होते. त्या दिवसांत दहा-दहा दिवसांच्या गोळ्या घेण्यासाठी खेपा घालणाऱ्या माणसाला हयगयीचा शिक्का मारणे मला जमणार नाही.

रोखठोक

मामांचा एमआरआय तिसऱ्या दिवशी झाला होता. हा मुद्दा मान्य. बैठकीचा मुद्दा मी सोडत नाही, कारण दारू गरिबाच्या घरीही गोळ्या सोडवते आणि यकृतही बिघडवते.

प्राणहिता

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यातून लिहितो. आमच्याकडे वर्षाचे दोन तुकडे आहेत. धान निघाले की पौष-माघात पुष्कळ कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. बारा महिन्यांचा उपचार या दोन तुकड्यांवर पसरतो, त्यामुळे तो कुठे ना कुठे फाटतो. निक्षय क्रमांकावर, म्हणजे क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर, रुग्ण दुसऱ्या राज्यात वर्ग करता येतो, हे खरे, पण त्यासाठी आपण जातो आहोत हे रुग्णाने आधी सांगावे लागते. मुकादमाची गाडी रात्री येते आणि पहाटे निघते. शेजारी गावच्या एका गोंड तरुणाने जाताना मागितल्या त्या एका महिन्याच्या गोळ्या त्याला मिळाल्या, दुसऱ्या महिन्याच्या मिळाल्या नाहीत. तो परत आला तेव्हा काठी घेऊन चालत होता. आदिवासी रुग्णाला प्रवासासाठी एकदा ७५० रुपये मिळतात, तेही त्याला मिळाले होते, हे सांगितले पाहिजे.

आमच्या भागातली दुसरी गोष्ट या धाग्यात अजून आली नाही, ती सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची. पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला हाडांत कळा येणे नित्याचे असते, त्यामुळे पाठीत कळ आली की घरचे, आणि कधी कधी दवाखान्यातलेही, 'क्रायसिस' म्हणून सलाइन लावतात व सोडून देतात. अशा रुग्णाच्या हाडात साल्मोनेलासारख्या जंतूंचा संसर्ग होण्याचा धोका इतरांहून जास्त असतो. डॉक्टरांनी यावर दोन शब्द लिहावेत.

हाडांचा डॉक्टर

आपण लिहिले ते अचूक आहे. सिकलसेलमध्ये रक्त न पोहोचल्याने मेलेले हाड आणि जंतूंनी सडवलेले हाड यांतला फरक पहिल्या आठवड्यात एमआरआयवरही ओळखणे कठीण जाते. माझा स्वतःचा नियम असा आहे की नेहमीच्या कळांहून वेगळी, एकाच जागी बोटाने दाखवता येणारी आणि तापासह आठवडाभर टिकणारी पाठीची कळ असेल तर पहिले प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, घ्यायचेच. एकदा प्रतिजैविक गेले की कल्चरमध्ये पुष्कळदा काही उगवत नाही आणि मग पुढचे सहा आठवडे आम्ही अंदाजाने औषध देतो. तालुक्याच्या दवाखान्यांतून आलेल्या बहुतेक रुग्णांच्या शरीरात दोन-तीन प्रतिजैविके आधीच जाऊन आलेली असतात. काकांच्या वहिनींची ती दोन दिवस बरे वाटायला लावणारी इंजेक्शने स्टेरॉइडची असण्याची शक्यता मला दाट वाटते. स्टेरॉइड वेदना दाबते आणि जंतूला मोकळे रान देते.

गोठा

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, त्यामुळे माणसांच्या चर्चेत बोलावे की नाही, असा विचार करत होतो. पण 'जंतूच वेगळा असतो' हे वाचून राहवले नाही.

गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, गाई-म्हशी आणि शेळ्या आमच्याकडे सतत येतात. त्यांतल्या काहींत ब्रुसेला असतो. मालक वार (जनावराच्या गर्भाशयातला जार) काढतो ती उघड्या हातांनी, मेलेले वासरू उकिरड्यावर जाते आणि त्याच गोठ्यातले दूध काही घरांत कच्चेच, धारोष्ण म्हणून लेकरांना दिले जाते. हा जंतू माणसात गेला की येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी आणि कमरेच्या मणक्यांचे दुखणे होते. मला स्वतःला झाला होता. पहिले दोन महिने माझ्यावर टीबीचे उपचार चालले, आणि गंमत अशी की बरेही वाटत होते.

हाडांचा डॉक्टर

त्यात गंमत नाही, तो या विषयातला सर्वांत फसवा कोपरा आहे. क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही काम करते, म्हणून चुकीच्या निदानाचा रुग्णही सुधारतो. पण ब्रुसेलाला डॉक्सिसायक्लिनसारख्या दुसऱ्या औषधाची जोड लागते आणि मणक्यात तो असेल तर निदान तीन महिने उपचार लागतात. जोड नसेल तर गोळ्या थांबताच तो परत येतो आणि आपण लिहितो, 'क्षय उलटला.' गुरे-शेळ्या पाळता का, वार कोणी काढली, दूध कच्चे पिता का, हे तीन प्रश्न ओपीडीत विचारायला अर्धा मिनिट पुरतो. मी ते विचारायला लागलो त्याला दोनच वर्षे झाली, हे प्रांजळपणे लिहितो.

अमरावतीचा अभ्यासू

मी सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी आहे. धाग्यातले अनुभव मोलाचे आहेत, पण मोजमापाविषयी एक शंका मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यामुळे निष्कर्ष उलटाही होऊ शकतो.

रोग उलटल्याची नोंद होण्यासाठी रुग्ण परत त्याच यंत्रणेकडे यावा लागतो. बागायतदार मामा तिसऱ्या दिवशी परत आले म्हणून ते 'उलटलेला रुग्ण' म्हणून मोजले गेले. जो मिरची तोडायला गेला आणि तिथेच खाटेवर पडला, तो कुठेच मोजला गेला नाही. अशा नोंदी घेऊन कोणी गरीब-श्रीमंत अशी तुलना केली तर कदाचित दोघांतले प्रमाण सारखेच निघेल, किंवा श्रीमंतांत जास्त निघेल, आणि गरिबीचा संबंध नाही असा निर्वाळा देऊन लोक मोकळे होतील. म्हणून केवळ 'किती जणांचा उलटला' हा आकडा पाहण्याऐवजी 'किती जणांची पुढची दोन वर्षे आपल्याला ठाऊक आहेत' हा आकडा आधी विचारला पाहिजे.

उत्पन्न कशाने मोजायचे हाही प्रश्नच आहे. केशरी शिधापत्रिका असलेला शेतकरी दुष्काळाच्या वर्षी पिवळ्या पत्रिकेवाल्या मजुरापेक्षा जास्त कर्जात असतो. आपल्याकडील अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत जन आरोग्य योजनेने शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही सामावले होते, त्यामागचा अनुभव हाच होता. माझ्या मते उपकेंद्रापासूनचे अंतर, निदानापूर्वी गेलेले महिने, घरात कमावते हात किती आणि उपचाराच्या काळात जड काम थांबवता आले का, हे चार रकाने शिधापत्रिकेच्या रंगापेक्षा अधिक सांगतील.

आशाताई, आपल्या वहीतल्या ३६ आणि ३७ विषयी. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना शिधा देऊन केलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरातील माणसांना पोषक शिधा मिळाल्यावर त्यांच्यात नवा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यातील मृत्यूही कमी आढळले. तो अभ्यास फुफ्फुसाच्या क्षयाचा होता आणि त्यात मणक्याचा रोग उलटण्याचे मोजमाप नव्हते, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तरीही सहा महिन्यांत एकच किलो वाढलेली बाई ही धोक्याची खूण होती, आणि ती आपल्या वहीत वेळेवर उतरली होती.

एक आशा

हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी ती वही घेऊन तालुक्याला गेले असते. दादा, वजन किती वाढले नाही तर कळवायचे, ते सोप्या आकड्यात सांगा.

हाडांचा डॉक्टर

ताई, काटेकोर रेषा नाही. पण दोन महिन्यांनी सुरुवातीच्या वजनात शेकडा पाचाची भर पडली नाही, म्हणजे आपल्या ३६ किलोच्या बाईत साधारण दोन किलो वाढले नाहीत, तर कळवावे. पायांत मुंग्या, चालताना तोल जाणे किंवा लघवी अडणे यांपैकी काही दिसले तर वजनाची वाट न पाहता १०८ बोलवावी.

केळापूरकर

चार दिवस गावी होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. अभ्यासू यांनी विचारलेले चार रकाने मी वहिनींच्या बाबतीत बसून भरले. उपकेंद्र सहा किलोमीटर, निदानापूर्वी सात महिने, कमावते हात दोन आणि त्यांतले एक रुग्णाचेच, जड काम थांबले फक्त पहिले साडेतीन महिने. भावाला हे वाचून दाखवले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे तवा इचारलं असतं तं म्या वेचणीले बाई लावली असती." दोन हंगामांच्या वेचाईच्या मजुरीची बेरीज आणि दुसऱ्या वेळच्या आजारपणाची बेरीज त्याने तिथेच जमिनीवर काडीने मांडली. ते आकडे घरचे आहेत, इथे देत नाही.

'गोठा' यांचे वाचून आम्ही वहिनींच्या दुसऱ्या वेळच्या कागदांत पाहिले. सुदैवाने त्या वेळी जांघेतल्या पुवाची सीबीनॅट ही जंतूची जनुकीय तपासणी झाली होती, त्यात क्षयाचा जंतू मिळाला होता आणि रिफाम्पिसिन लागू असल्याचे दिसले होते. म्हणजे त्यांच्या बाबतीत तरी डॉक्टरांच्या चार प्रकारांतला तिसरा नव्हता. पू सुईने काढला, शस्त्रक्रिया लागली नाही आणि या वेळी औषध १८ महिने चालले. त्या काळात मी एकच काम केले. कार्डावरची इंग्रजी तारीख खोडून तिथे मराठीत लिहिले, 'पुढच्या वर्षीची तूर निघेपर्यंत', आणि ते कार्ड चुलीवरच्या फळीवर ठेवले.

औषध संपून आता अकरा महिने झाले. राष्ट्रीय कार्यक्रमात गोळ्या संपल्यानंतर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाची पुन्हा तपासणी करायची असते, कारण उलटणारा क्षय बहुधा या दोन वर्षांतच उलटतो. नोकरीत असताना क्षयाच्या नोंदवहीतील या चार तपासण्यांचे रकाने मी कोरेच पाहिले आहेत, आणि त्या वेळी मला त्यांचे काही वाटले नव्हते. सहाव्या महिन्याची तपासणी चुकली, कारण पेरणी होती. बाराव्याची तारीख पुढच्या महिन्यात, मंगळवारी येते. तो पांढरकवड्याचा बाजाराचा वार नाही ना, हे भावाला आधी विचारून घेतले आहे.